पेट सिटिंगचा दर ठरवताना या चुका टाळा

पेट सिटिंग म्हणजे मालक बाहेरगावी असताना त्यांच्या घरी जाऊन प्राणी सांभाळणं. हे काम नव्याने सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही किती घेता?" मी सांगत नाही. माझा आकडा माझ्या खर्चावरून आलाय, तो उचलून तुमचं भागणार नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वेळेच्या हिशेबात. भेट अर्ध्या तासाची, म्हणून पैसे अर्ध्या तासाचे! जायला 20 मिनिटं, यायला 20, म्हणजे 70 मिनिटं गेली. दिवसातून दोनदा जायचं असेल तर 140. पेट्रोल, किल्ली घ्यायच्या-द्यायच्या चकरा, मालकांचे "जेवला का?" हे फोन वेगळेच. मी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची वेळ वहीत टिपते आणि त्यावरच दर काढते. ॲप नको, वही पुरते.

दुसरी चूक म्हणजे प्राणी न बघता फोनवर दर सांगून मोकळं होणं. ही बघून तर माझं डोकंच फिरतं. ओळखीतल्या एका मुलीने असंच केलं. "एकच मांजर आहे, शांत आहे," एवढ्यावर तिने रोजच्या एका भेटीचा दर सांगितला. किल्ली घ्यायला गेली तेव्हा मालकीणबाईंनी फ्रीजमधून इन्सुलिनची बाटली काढली. बारा-बारा तासांनी इंजेक्शन, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन भेटी. त्यात मांजराने आधी खायला हवं. खाल्लं नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. अनोळखी माणूस दिसल्यावर मांजर पलंगाखाली. ते बाहेर येऊन खाईपर्यंत तास जायचा. बाई म्हणाल्या, "दर तर ठरलाय ना?" आणि ही गप्प बसली. दुप्पट काम, पैसे तेवढेच.

म्हणून आधी घरी जाऊन प्राणी बघा. औषधं, खाण्याच्या वेळा, एकटं राहिल्यावर भुंकतो का, लिटर बॉक्स (मांजराचा शी-शूचा ट्रे) कुठे, सगळं विचारा. दुसऱ्या दिवशी तुमचा दर लेखी कळवा. "आत्ताच सांगा" म्हणणारं गिऱ्हाईक पुढेही असंच घाई करतं, हा माझा अनुभव.

"आधी स्वस्तात करू, मग वाढवू" हा शॉर्टकट तर घेऊच नका. स्वस्त म्हणून आलेली माणसं दर वाढला की जातात.

उलट बाजूही आहे. दोन मांजरं असली म्हणून दर दुप्पट लावणं मला पटत नाही. जाण्यायेण्याचा वेळ तोच असतो. दुसऱ्या मांजराचे थोडे जास्त घ्या, बस. दोन कुत्र्यांना वेगवेगळं फिरवायचं असेल तर मात्र पूर्ण घ्या.

रात्रीचा मुक्काम म्हणजे दोन भेटींची बेरीज नव्हे. तुमची रात्र जाते, तिचा दर वेगळा.

सुट्ट्यांच्या दिवसांतला जादा दर बुकिंगच्या वेळीच सांगा, बिलात नाही. आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख अडकवून ठेवू नका. शेवटच्या क्षणी सहल रद्द झाली तर त्यातलं किती परत मिळणार, तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.