उसाच्या फडासाठी स्वस्त प्रकाशमापक कसा बनवावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळच्या उसावरून सेंटिनेल-२ उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच्या प्रतिमेवरून काढलेला एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) फडात उभे राहून पडताळायचा असेल, तर प्रकाशाचे लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) असे दोनच पट्टे नीट मोजता आले तरी पुरते. एएस७२६३ हा सहा पट्ट्यांचा सेन्सर त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याचा ८६० नॅनोमीटरचा पट्टा उपग्रहाच्या ८६५ च्या पट्ट्यालगत बसतो आणि ६८० चा पट्टा ६६५ शी तंतोतंत जुळत नसला, तरी हरितद्रव्य जिथे लाल प्रकाश शोषते त्याच टप्प्यात येतो.

असे दोन सेन्सर घ्यावेत, एक आकाशाकडे आणि एक पिकाकडे तोंड केलेला. दोघांचा आय-टू-सी पत्ता (ज्या तारांवरून सेन्सर आकडे पाठवतो, त्यांवरची त्याची ओळख) एकच असल्याने मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोघांना आळीपाळीने जोडणारी चिप लागते. वरच्या सेन्सरवर टेफ्लॉनची पातळ चकती बसवावी आणि ती अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर तपासावी: सरळ धरल्यावर येणारा आकडा ६० अंशांत कलता केल्यावर निम्मा झाला पाहिजे. त्याहून खाली घसरला, तर चकती कडेच्या थोडी वर उचलून बसवावी.

खालच्या सेन्सरची नजर अरुंद करणारी नळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेता येते. खरी खबरदारी तिच्या आतल्या काळ्या रंगाची, कारण डोळ्याला काळेभोर दिसणारे अ‍ॅनोडाइझ केलेले अ‍ॅल्युमिनियम किंवा कापड निकट-अवरक्तात चांगलेच उजळ असू शकते. रंगवलेला तुकडा आधी त्याच सेन्सरखाली धरून पाहावा. नळीतून मिळणारे २५ अंशांचे दृष्टिक्षेत्र पिकाच्या दोन मीटर वरून जेमतेम ९० सेंटिमीटरचे वर्तुळ पाहते, आणि साडेचार फुटी सरीत ते कधी नुसत्या पानांवर, तर कधी पाचटावर पडते. म्हणून सरीला आडवे चालत बऱ्याच नोंदी घेऊन सरासरी काढावी. उंच वाढलेल्या आडसाली (दीड वर्षाच्या) उसात सेन्सर वर धरायची काठीही पुरत नाही. सुरुवात कोवळ्या खोडव्यापासून (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकापासून) केलेली बरी.

काटकसर सेन्सरवर करावी, पिकाची नोंद ज्याच्याशी ताडायची त्या पांढऱ्या पट्टीवर नव्हे. जाड टेफ्लॉनचा ३० सेंटिमीटरचा चौकोन बारीक पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवावी, आणि तो सपाट ठेवून, अर्ध्या मीटरवरून, मापकाची सावली पडू न देता नोंद घ्यावी. प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्यात खालच्या सेन्सरच्या आकड्याला त्याच क्षणीच्या वरच्या आकड्याने भागावे. पिकाचा हा भागाकार पांढऱ्या पट्टीच्या भागाकाराने पुन्हा भागला की पट्टीच्या तुलनेतले परावर्तन मिळते, आणि ढग सरकत असले तरी ते फारसे बिघडत नाही.