स्प्रिंट गोल आधी, तिकिटे नंतर : स्क्रममध्ये बॅकलॉग, गोल आणि इन्क्रिमेंट यांची सांगड कशी घालावी

स्क्रम ही टीमने मिळून काम करण्याची एक पद्धत; तिच्यात काम ठरावीक लांबीच्या टप्प्यांत होते आणि त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट सुरू होऊन आठवडा झालेला असताना टीममधील कोणालाही बाजूला घेऊन "या स्प्रिंटमध्ये आपण नेमके काय साधत आहोत?" असे विचारून पाहावे. ज्याच्या-त्याच्या तोंडी आपापल्या तिकिटाचा, म्हणजे नोंदवलेल्या कामाचा, क्रमांक आला, तर त्या टीमकडे बॅकलॉग (कामांची यादी) आहे, पण गोल (उद्दिष्ट) नाही, असे खुशाल समजावे. अशा टीममध्ये कामे होत असतात, फलकावरची कार्डे उजवीकडे सरकत असतात, आणि तरीही रिव्ह्यूच्या, म्हणजे स्प्रिंटअखेर झालेले काम दाखवण्याच्या, दिवशी सलग असे काही दाखवता येत नाही. यावर सहसा जो सल्ला मिळतो, म्हणजे अंदाज अधिक अचूक करा, तिकिटे आणखी बारीक करा, जिरा या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून एक रकाना वाढवा, तो मूळ दुखण्यापर्यंत पोहोचतच नाही.

स्क्रमचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या 'स्क्रम गाइड'च्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत तीन जोड्या स्पष्टपणे मांडलेल्या आहेत. प्रॉडक्ट बॅकलॉगसोबत (संपूर्ण उत्पादनाच्या कामांची यादी) प्रॉडक्ट गोल, स्प्रिंट बॅकलॉगसोबत (एका स्प्रिंटची यादी) स्प्रिंट गोल आणि इन्क्रिमेंटसोबत (उत्पादनात पडलेली वापरण्याजोगी भर) डेफिनिशन ऑफ डन (काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे याची व्याख्या). प्रत्येक जोडीतील पहिली गोष्ट म्हणजे सर्वांना दिसणारे काम, आणि दुसरी म्हणजे त्या कामाबाबत टीमने दिलेला शब्द. हे गाइड पंधरा पानांच्या आत संपते आणि विनामूल्य मिळते; तरीही स्क्रमवर सल्ले देणाऱ्या अनेकांनी ते सलग वाचलेले नसते. यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली गरज), स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी माप) आणि व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) यांचा त्यात उल्लेखही नाही. त्या वापरायला हरकत नाही, पण स्क्रमचा नियम म्हणून त्या कोणी गळ्यात मारू लागले, तर गाइड उघडून दाखवावे.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. एक टीम दूध संकलन केंद्रांसाठी मोबाइल अॅप तयार करत आहे. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, केंद्रचालक फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील उरलेले घन पदार्थ) मोजतो, दरपत्रकावरून दर निघतो, पावती दिली जाते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे. टीम, प्रॉडक्ट ओनर (उत्पादनात काय आधी हवे ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करणारा) आणि फलक हे सर्व तयार आहे, असे मी गृहीत धरतो.

प्रॉडक्ट गोल लिहावा

प्रॉडक्ट ओनरने एका वाक्यात लिहावे की, काही महिन्यांनी हे उत्पादन कोणत्या स्थितीत असायला हवे. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल : "केंद्रावरील हिशेबाची वही बंद होऊन प्रत्येक उत्पादकाचे दहा दिवसांचे बिल अॅपमधूनच निघावे." एका वेळी एकच गोल असावा, तो साधल्याशिवाय, किंवा तो सोडून दिल्याचे जाहीर केल्याशिवाय, दुसरा हाती घेऊ नये.

प्रॉडक्ट बॅकलॉग क्रमाने लावावा

एका उत्पादनाला एकच बॅकलॉग असावा आणि त्याच्या क्रमाची जबाबदारी प्रॉडक्ट ओनरची असावी. क्रम म्हणजे पहिले, दुसरे, तिसरे. "हाय, मीडियम, लो" असे तीन ढीग म्हणजे क्रम नव्हे, कारण थोड्याच दिवसांत सगळीच कामे "हाय" होऊन बसतात. वरची कामे एका स्प्रिंटमध्ये मावतील इतकी लहान आणि स्पष्ट असावीत, खालची मोघम राहिली तरी चालतील. वर्षभर कोणी ज्याला हात लावला नाही, ते काम सरळ पुसून टाकावे. ते खरेच महत्त्वाचे असेल तर कोणीतरी पुन्हा मागेल. रिफाइनमेंटवर, म्हणजे बॅकलॉगमधील कामे लहान आणि स्पष्ट करण्यावर, टीमच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वेळ सहसा जात नाही, असे गाइडच्या जुन्या आवृत्त्यांत म्हटले होते. २०२० मध्ये ते वाक्य काढले गेले, तरी अंदाज म्हणून ते आजही उपयोगी पडते.

स्प्रिंट गोल ठरवावा

मला सर्वांत जास्त काळ छळले ते याच पायरीने, आणि बहुतेक टीम इथेच घसरतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

गाइडप्रमाणे स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे स्प्रिंटच्या सुरुवातीच्या बैठकीत, तीन प्रश्न येतात : हा स्प्रिंट का मोलाचा आहे, त्यात काय पूर्ण होऊ शकेल, आणि ते कसे करायचे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक टीम दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. बॅकलॉगमधील वरची तिकिटे क्षमता संपेपर्यंत ओढून घेतली जातात, त्यांची वाटणी होते, आणि सगळे उठण्याच्या बेतात असताना टूलमधील "गोल" हा रिकामा रकाना कोणाला तरी दिसतो. मग स्क्रम मास्टर त्यात "नियोजित कामे पूर्ण करणे" किंवा "बिलिंग, रिपोर्ट आणि बग दुरुस्ती" असे काहीतरी भरून टाकतो. हा गोल नव्हे, हे यादीला दिलेले शीर्षक आहे. त्याच्या आधारे पुढचे दहा दिवस एकही निर्णय घेता येत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही राहत नाही.

क्रम उलटवावा. बैठकीच्या सुरुवातीला जिरा बंद ठेवावा. या स्प्रिंटमध्ये उत्पादनाचे मोल कशाने वाढेल, हे प्रॉडक्ट ओनरने सांगावे आणि त्यावर सर्वांनी मिळून एक वाक्य तयार करावे. ते आदल्या रात्री ईमेलने तयार होऊन येऊ नये; प्रस्ताव प्रॉडक्ट ओनरचा असला, तरी गोल संपूर्ण टीमचा असतो. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे असू शकेल : "नेट बंद असतानाही केंद्रचालकाला सकाळचे पूर्ण संकलन नोंदवता यावे." हे वाक्य फळ्यावर आल्यानंतरच बॅकलॉग उघडावा आणि त्यासाठी कोणती कामे लागतील ते निवडावे : नोंदी फोनमध्येच साठवणे, दरपत्रकाची प्रत फोनवर ठेवणे, नेटशिवाय पावती छापणे, नेट आल्यावर नोंदी सर्व्हरवर पाठवणे, आणि एकच नोंद दोनदा गेली असल्यास तिचा निवाडा करणे. कामे निवडताना वाक्य थोडे बदलावेसे वाटले, तर बदलावे. मात्र प्लॅनिंग संपण्यापूर्वी ते पक्के झाले पाहिजे.

या गोलाचा उपयोग कसा होतो ते पाहा. सातव्या दिवशी लक्षात येते की, दुहेरी नोंदींचा आपोआप निवाडा करणे अंदाजापेक्षा फारच अवघड आहे. टीमकडे फक्त यादी असती, तर डेव्हलपर रात्री जागून ते काम पुरे करू पाहतील, किंवा ते अर्धवट राहील आणि त्याच्यामुळे पावतीचेही रखडेल. गोल असेल तर वेगळा मार्ग सुचतो : दुहेरी वाटणाऱ्या नोंदींची यादी केंद्रचालकाला दाखवावी आणि त्यातली कोणती ठेवायची ते त्यानेच ठरवावे. एक तिकीट आकसले, पण सकाळचे संकलन नेटशिवाय नोंदवता आले. गोल तसाच ठेवून कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी बोलून कमी-जास्त करण्याची ही मुभा गाइडनेच दिलेली आहे.

गोल चांगला उतरला आहे की नाही, हे तपासण्यासाठी मी तीन गोष्टी करतो. कामांची यादी झाकून नुसते वाक्य टीमबाहेरच्या, शक्य असल्यास प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाला वाचून दाखवतो; केंद्रचालकाला ते समजले नाही, तर ते आपल्यालाही समजलेले नाही. त्यानंतर टीमला विचारतो की, वेळ कमी पडला तर सर्वांत आधी काय सोडाल? "काहीच सोडता येणार नाही" असे उत्तर आले, तर आपण पुन्हा यादीच लिहिली आहे. शेवटी, स्प्रिंटच्या अखेरच्या दिवशी अॅप हातात घेऊन "साधले" किंवा "नाही साधले" एवढेच म्हणता येईल का, ते पाहतो. "बिलिंग मॉड्यूल ऐंशी टक्के करणे" ही तिसऱ्या कसोटीवर पडते, कारण ऐंशी टक्के बिल कोणाच्याही हातात देता येत नाही. वाक्यात दोन-दोन "आणि" आले असतील, तर तिथे बहुधा दोन-तीन गोल दाटीवाटीने बसवलेले असतात; त्यांपैकी एक ठेवावा.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, आमची कामे विखुरलेली आहेत, थोडे बग, थोडे नवे काम, थोडी ग्राहकांची गाऱ्हाणी, त्यांचा एक गोल कसा होणार? स्प्रिंटमधील प्रत्येक काम गोलासाठीच असले पाहिजे, असे गाइड कुठेही म्हणत नाही. काही क्षमता बगसाठी राखून ठेवावी, उरलेली एका गोलाकडे वळवावी आणि दोन्हींत ओढाताण झाली, तर गोलाला झुकते माप द्यावे. स्प्रिंटमागून स्प्रिंट एकही समान धागा सापडत नसेल, तर ती टीम बहुधा तीन उत्पादनांत वाटली गेलेली असते किंवा तिचे काम मुळात देखभालीचे असते. पहिल्या बाबतीत व्यवस्थापनाशी बोलावे. दुसऱ्या बाबतीत कानबान पद्धतीने, म्हणजे स्प्रिंट न ठरवता एकामागून एक कामे हाती घेत, काम करावे, त्यात कमीपणा काही नाही. उसना गोल लिहून स्क्रमचा देखावा करणे मात्र वेळेचा अपव्यय आहे.

व्यवस्थापकांना एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते. टीमने शब्द दिलेला असतो तो गोलाचा, तिकिटांच्या संख्येचा नव्हे. निवडलेली कामे हा केवळ अंदाज असतो, आणि ही दुरुस्ती गाइडमध्ये २०११ पासूनच आहे. तरी आजही "चौदा घेतली होती, अकराच झाली" अशी झाडाझडती ऐकू येते. अशी झडती सुरू झाली की पुढच्या स्प्रिंटपासून टीम आठच तिकिटे घेते आणि आठही पूर्ण करते, त्याचा दोष टीमला देता येणार नाही. गोलाचे वजन किती, हे आणखी एका नियमावरून दिसते : स्प्रिंट मध्येच रद्द करता येतो तो फक्त गोल कालबाह्य झाला तर, आणि तो अधिकार एकट्या प्रॉडक्ट ओनरचा असतो. गोलच नसेल, तर स्प्रिंट निरर्थक झाला आहे हे कळण्याचा मार्गही उरत नाही.

स्प्रिंट बॅकलॉग रोज हलता ठेवावा

गोल, निवडलेली कामे आणि ती करण्याचा आराखडा मिळून स्प्रिंट बॅकलॉग होतो. तो डेव्हलपरांचा असतो, बाहेरून कोणी त्यात परस्पर तिकीट टाकू नये. कामांचे तुकडे एका दिवसाचे किंवा त्याहून लहान करावेत. पंधरा मिनिटांच्या डेली स्क्रममध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या बैठकीत, काल काय, आज काय, अडचण काय, हे तीन प्रश्न आता सक्तीचे नाहीत. २०२० मध्ये ते गाइडमधून काढले गेले. त्याऐवजी "गोलाच्या किती जवळ आलो आणि आज काय बदलावे लागेल?" एवढेच विचारावे.

इन्क्रिमेंट खरोखर पूर्ण करावे

एखादे काम डेफिनिशन ऑफ डनमध्ये पूर्णपणे बसले, त्या क्षणी इन्क्रिमेंट तयार होते. ते आधीच्या सर्व इन्क्रिमेंटमध्ये मिसळून, त्यांच्यासह तपासलेले असले पाहिजे. नेटशिवाय नोंद चालते, पण त्यामुळे गेल्या महिन्यातील बिलाचा हिशेब बिघडला, तर ते इन्क्रिमेंट नव्हे.

ही व्याख्या प्लॅनिंगच्या आधी लिहिलेली असावी आणि ती टीमच्या परिस्थितीला धरून असावी. "कोड रिव्ह्यू झाला, टेस्ट पास झाल्या" एवढे कुठेही चालते. आपल्या टीमच्या यादीत जुन्या, कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर चालवून पाहणे, थर्मल प्रिंटरवर मराठी जोडाक्षरे न तुटता छापली जाणे आणि नोंद चालू असताना फोन बंद पडल्यास आकडे शाबूत राहणे हेही हवे. संस्थेने काही मानके घालून दिली असतील, तर ती किमान मर्यादा समजावी आणि आपली भर तिच्यावर घालावी. एकाच उत्पादनावर अनेक टीम काम करत असतील, तर सर्वांची व्याख्या एकच असावी, नाहीतर एकाचे "झाले" दुसऱ्याच्या गळ्यात येते.

इथे सवलत देऊ नये. "कोड झाला, फक्त टेस्टिंग राहिले" असे काम अपूर्ण आहे; ते रिलीज करता येत नाही आणि रिव्ह्यूमध्ये दाखवताही येत नाही. कोणी वरिष्ठ आले आहेत म्हणून ते "जाता जाता" दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पाहणाऱ्याच्या लेखी ते तेव्हाच पूर्ण झालेले असते आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्रचालकांना तारखा दिल्या जाऊ लागतात. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : पूर्ण झालेले इन्क्रिमेंट रिव्ह्यूपर्यंत अडवून ठेवण्याची गरज नाही. एका स्प्रिंटमध्ये अनेक इन्क्रिमेंट होऊ शकतात, आणि नेटशिवाय पावती छापणे बुधवारी तयार झाले, तर ते बुधवारीच केंद्रांवर जाऊ शकते.

स्प्रिंट संपताना गोल साधला नसेल, तर स्प्रिंट दोन दिवसांनी लांबवू नये. अपूर्ण कामे प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत पाठवावीत. जिरा ती आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलण्याची सोय देतो, तिला नकार द्यावा. दुहेरी नोंदींच्या आपोआप निवाड्याचे उरलेले काम बॅकलॉगमध्ये कितव्या जागी बसते, हे प्रॉडक्ट ओनर रिव्ह्यूमध्ये कळलेल्या गोष्टींनुसार नव्याने ठरवेल. केंद्रचालकांनी हाताने निवाडा करण्याबद्दल काहीच तक्रार केली नसेल, तर ते काम बरेच खाली जाईल, आणि पुढच्या प्लॅनिंगची सुरुवात पुन्हा बंद जिरा आणि कोऱ्या फळ्याने होईल.