मूठभर मातीतले सूत्रकृमी आणि संधिपाद घरच्या घरी कसे बघायचे

सूत्रकृमी म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे बारीक जंत, आणि संधिपाद म्हणजे सांध्यांचे पाय असलेले कीटक, गोम, खेकडा अशा जातीचे प्राणी. सगळ्यात आधी माती कुठली घ्यायची ते सांगतो, कारण निम्मं काम तिथेच होतं. झाडाखाली जुना पाला कुजून काळा पडलाय, हात घातला तर गारवा लागतो, पांढरे बुरशीचे धागे दिसतात, अशी जागा शोधा. वरचा पाला एका डब्यात आणि त्याखालची चार-पाच सेंटिमीटर माती दुसऱ्या डब्यात, असं वेगवेगळं घ्या. उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरा, वाळली की काहीच हाती लागत नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, जिथे माणसं किंवा कुत्री-मांजरं शौच करतात तिथली माती अजिबात घ्यायची नाही. हुकवर्मच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका जंताच्या, अळ्या उघड्या कातडीतून आत शिरतात, आणि पोटातल्या मोठ्या जंताची म्हणजे अस्कारिसची एक मादी दिवसाला साधारण २ लाख अंडी घालते, ती अंडी मातीत कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ग्लोव्हज घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि हे सामान स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

आता नरसाळी. आपल्याला दोन लागणार आहेत आणि त्यांचं लॉजिक एकदम उलटं आहे, एकात पाणी भरायचं आणि दुसऱ्यात वाळवायचं. का ते समजून घ्या, कारण अख्खं जीवशास्त्र त्यातच आहे. सूत्रकृमी जमिनीवर राहतो असं आपण म्हणतो खरं, पण तो राहतो पाण्यातच, मातीच्या कणांवर जो पाण्याचा पातळ थर असतो ना त्यात. त्याला पाय नाहीत, आतून द्रवाने टम्म फुगलेली नळी आणि बाहेरून कोलॅजन नावाच्या प्रथिनाची लवचिक कात, बस. स्नायू फक्त लांबीच्या दिशेचे, गोल आवळणारे स्नायू नाहीतच, म्हणून तो गांडुळासारखा लांब-आखूड होऊ शकत नाही, नुसता सापासारखा वळवळतो. मोकळ्या पाण्यात सोडला की वळवळ खूप करतो पण वर पोहता येत नाही, हळूहळू तळाला जातो. संधिपादांचं तसं नाही, त्यांच्याकडे कायटिन नावाच्या टणक पदार्थाचं कवच आणि सांध्यांचे पाय आहेत, त्यामुळे त्यांना न आवडणारी जागा सोडून ते चालत निघून जातात. मातीतल्या छोट्या संधिपादांना कोरडं, गरम, उजेडाचं काही नको असतं.

पाण्याचं नरसाळं बेअरमन या संशोधकांनी १९१७ साली मांडलं, जावामध्ये हुकवर्मच्या अळ्या शोधताना. नरसाळ्याच्या नळीला रबरी ट्यूब लावा, ट्यूबला क्लिप मारून बंद करा, वर जाळी ठेवा, जाळीवर टिश्यू पेपर आणि त्यावर मातीचा पातळ थर, एक सेंटिमीटरपेक्षा कमीच. मग कडेने साधं पाणी ओता, माती खालून भिजेल इतकंच, बुडवायची नाही. २४ तास थांबा, मग क्लिप हळूच उघडून पहिले पाच-दहा मिलिलिटर पाणी वाटीत घ्या. मी एकदा जास्त मिळतील म्हणून तीन दिवस तसंच ठेवलं आणि वाटीत बहुतेक सरळ काडीसारखे मेलेले कृमी निघाले, नळीच्या तळाला ऑक्सिजन संपतो म्हणून, तेव्हापासून २४ तास, फार तर ४८. नळी जमवायची नसेल तर पसरट ताटलीत जाळी ठेवून हेच करता येतं, हवा जास्त मिळते आणि मला तर ते जास्त पटतं.

दुसरं नरसाळं इटलीच्या बेर्लेझे यांचं, १९०५ चं, त्यांनी नरसाळ्याभोवती गरम पाणी वापरलं होतं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये वरून बल्ब लावला. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवला तरी चालतं, आत दोन-तीन मिलिमीटर भोकांची जाळी, त्यावर पाला सैल ठेवा, दाबू नका. वर जुन्या पद्धतीचा २५ किंवा ४० वॅटचा बल्ब, एलईडी नको कारण त्याची ऊब पुरत नाही. बल्ब पाल्यापासून वीतभर तरी लांब, प्लास्टिकला किंवा पानाला टेकता कामा नये आणि घरात कोणी नसताना चालू ठेवायचा नाही. घाई करून बल्ब जवळ आणलात तर प्राणी खाली उतरायच्या आतच पाल्यात वाळून मरतात, ऊब वरून खाली सावकाश सरकली पाहिजे, तीन ते सात दिवस लागतात. खाली वाटीत बरेच जण ७० टक्के अल्कोहोल ठेवतात, मोजणी करायची असेल तर ते ठीक, पण नुसतं बघायचं असेल तर ओला कागद ठेवा. जिवंत स्प्रिंगटेल (उड्या मारणारा बारीक संधिपाद) उडी मारताना बघणं आणि अल्कोहोलमधला बघणं यात फार फरक आहे.

आता वाटीत काय आहे ते ओळखायचं. पाण्याच्या वाटीखाली काळा कागद ठेवून बाजूने टॉर्च मारा, अर्धा-एक मिलिमीटरचे चकाकणारे केस वळवळताना दिसले तर ते सूत्रकृमी. थेंब स्लाइडवर घ्या आणि मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठं करून आधी फक्त चाल बघा. अंग ताणून-आवळून चालत असेल, अंगावर खंड आणि राठ केस असतील तर तो गांडुळाचा छोटा भाऊबंद, पॉटवर्म. डोक्यापाशी चाकं फिरल्यासारखी दिसली तर तो रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी. आठ आखूड पाय टाकत डुलत चाललंय तर तो टार्डिग्रेड नावाचा सूक्ष्म प्राणी, आणि तुमचं नशीब जोरावर आहे.

सूत्रकृमी पक्का झाला की ४०० पटीवर तोंड बघा, इथे खरी मजा आहे, कारण बाहेरून सगळे सारखेच दोऱ्यासारखे पण तोंडावरून कोण काय खातो ते कळतं. तोंडाची साधी उघडी नळी आणि घशात ठोके पडल्यासारखा हलणारा गोळा दिसला तर तो बॅक्टेरिया खाणारा. तोंडात इंजेक्शनची सुई दिसली तर तो पेशीला भोक पाडून रस ओढणारा, मग ती झाडाच्या मुळाची पेशी असेल किंवा बुरशीची. आणि पिंपासारखं मोठं तोंड, आत एक ठळक दात, तर तो मोनोंकस जातकुळीतला शिकारी, बाकीचे सूत्रकृमी खाणारा, कधी कधी त्याच्या पारदर्शक पोटात दुसरा कृमी दिसतोसुद्धा. लॅबमधला प्रसिद्ध सी. एलिगन्स पहिल्या प्रकारातला, मोठा झाला की १ मिलिमीटर, प्रजननपेशी सोडून शरीरात बरोबर ९५९ पेशी आणि त्यातल्या ३०२ चेतापेशी, प्रत्येक उभयलिंगी कृमीत तेवढ्याच. सूत्रकृमींच्याच गटात स्पर्म व्हेल माशाच्या (देवमाशाच्या) वारेत, म्हणजे प्लासेंटात, राहणारा ८ मीटरचा कृमीही आहे, रचना तीच. २०१९ चा अंदाज असा की जगभरच्या वरच्या मातीत ४४० वर १८ शून्यं इतके सूत्रकृमी आहेत.

संधिपादांच्या वाटीत पाय मोजायचे, बाकी सगळं नंतर. आठ पाय आणि गोल थेंबासारखं अंग म्हणजे माइट (गोचिडासारखा बारीक जीव), बहुधा सगळ्यात जास्त हेच निघतात. फक्त माइटच्या पिल्लाला सहाच पाय असतात, तेव्हा मिशा आहेत का तेही बघा, माइटला त्या नसतात. आठ पाय आणि पुढे विंचवासारखे चिमटे पण शेपूट नाही, तो स्यूडोस्कॉर्पियन. सहा पाय, मिशा आणि पोटाखाली दुमडलेला चिमटा म्हणजे स्प्रिंगटेल, हा चिमटा झटक्यात सोडवून तो उडी मारतो, आणि दिसायला कीटक असला तरी आता त्याला कीटकांपासून वेगळा धरतात. चौदा सारखे पाय, राखाडी चपटं अंग असेल तर आयसोपॉड, हा खेकडा-कोळंबीचा नातेवाईक आहे आणि पोटाखाली अजून कल्ल्यासारख्या पट्ट्या बाळगून असतो. त्याहून जास्त पाय असतील तर एका खंडाला एक जोडी म्हणजे गोम, दोन जोड्या म्हणजे मिलिपीड. मोठ्या गोमेच्या पायांच्या जोड्या मोजल्या तर विषमच येतात, मोजून बघा. मोठ्या गोमेला बोट लावू नका, चावते.

सूत्रकृमी आणि संधिपाद दोघं एकाच लेखात का घेतले असं वाटेल. खूप वर्षं समज असा होता की संधिपादांचे जवळचे नातेवाईक म्हणजे गांडुळं, दोघांचंही अंग खंडांचं म्हणून. १९९७ साली जनुकांची तुलना झाली आणि निघालं की संधिपाद जवळचे आहेत ते सूत्रकृमींना, कारण दोघंही कात टाकतात, टार्डिग्रेडसुद्धा. सूत्रकृमी आयुष्यात चार वेळा टाकतो, संधिपादांचा आकडा जातीप्रमाणे बदलतो.

ही कात स्वतः बघायची असेल तर आयसोपॉड पाळा, डब्यात ओली माती, पाला, थोडा चुन्याचा खडा, झाकणाला भोकं. कात टाकायच्या आधी त्याचा अर्धा भाग पांढुरका दिसायला लागतो, तो आधी मागची अर्धी कात टाकतो आणि काही दिवसांनी पुढची, मधल्या काळात मागून फिकट आणि पुढून गडद असा दिसतो. त्या वेळी त्याला हात लावू नका, कवच मऊ असतं. टाकलेली कात तो बहुतेक वेळा खाऊन टाकतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ डबा उघडून बघत राहा.