गाडीच्या खिडकीसाठी ज्वारीची पिशवी

मार्चमध्ये इंदूरहून यशवंतसागर तलावावर सारस पक्ष्यांचे फोटो टिपायला गेलं की एकच अडचण येते: गाडीतून उतरलं की पक्षी लांब जातात, आणि गाडीत बसून मोठी लेन्स हातात धरली की दहा मिनिटांत दंड भरून येतात, फोटो हलतात. ट्रायपॉड आत उघडतच नाही. त्यावर उपाय म्हणजे लेन्स टेकवायला ही ज्वारीची पिशवी.

१. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापा. एक टोक दुहेरी शिलाईने बंद करा.
२. त्यात ज्वारी भरा, पण पाऊणच. ठासून भरली तर लेन्स वरून घरंगळते. दुसरं टोकही शिवून टाका.
३. खिडकीची काच पूर्ण खाली करा. पिशवीतले दाणे दोन्ही टोकांकडे सारून ती खोगिरासारखी चौकटीवर टाका. अर्धी आत, अर्धी बाहेर. मध्ये मुठीने खळगा करून लेन्स त्यात बसवा.
४. इंजिन बंद. हे विसरूच नका, नाहीतर सगळी थरथर लेन्समध्ये उतरते.

एवढं केलं की थांबता येतं, आणि खरं सुख तेच आहे. सारस मान खाली घालून चरत असतो. ती लाल मान वर येईपर्यंत हात अजिबात दुखत नाही. वाटेत फुललेला पळस दिसला तर तिथेही असेच थांबा. पळसमैनांचा थवा उडाला तरी बऱ्याचदा त्याच झाडावर परत येतो.

घरी आल्यावर मात्र एका टोकाची शिलाई उसवून ज्वारीला ऊन दाखवा. दमट राहिली तर सोंडे होतात.