गुहागरला पळायला जाताना आधी तिथी बघा

गुहागरचा किनारा सुमारे ६ किलोमीटर लांब. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन मागच्या बाजूने खाली उतरलं, की समोर समुद्र आणि पाठीशी सुरूचं बन. पळायला याहून सुंदर जागा मला तरी ठाऊक नाही. पण भरतीला गेलात तर भुसभुशीत कोरड्या वाळूत पाय रुततात आणि १० मिनिटांत पोटऱ्या भरून येतात.

म्हणून घरातली कालनिर्णय उघडा. जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा गुणिले ३, भागिले ४, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. ओहोटी साधारण ६ तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे पहाटे सहाला पाणी लांब आत गेलेलं असतं. तिथपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी पळण्यासाठी राखून ठेवा. अष्टमीला मात्र सहालाच समुद्र भरलेला.

लाट नुकतीच ओसरलेल्या ओल्या पट्ट्यावर पळा. टाच टेकली की भोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी होते, तीच घट्ट जागा. किनाऱ्याला उतार असतो, त्यामुळे गेलात त्याच वाटेने परत या. दोन्ही गुडघ्यांवर सारखा भार येतो.

हिवाळ्यात इथे कासवं अंडी घालायला येतात. अंधारात बॅटरी मारत पळू नका, उजाडू द्या.

पावसाळ्यात किनारा सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जा. हिरवंगार असतं, फक्त जांभ्यावरच्या शेवाळापासून जपा.