गाडीच्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट कसं वाचायचं आणि कात्री कुठे लावायची

"ओळखीचा मिस्त्री धरून ठेवा" हा सल्ला ज्याला त्याला मिळतो आणि तो निरुपयोगी आहे. ओळखीचा मिस्त्रीही अंदाजानेच पार्ट बदलत असेल, तर ओळखीचा फायदा चहापुरताच. त्याहून वाईट सल्ला म्हणजे "कंपनीत टाकू नका, बाहेर निम्म्यात होतं." बाहेर निम्म्यात होतं ते कधी लेबर कमी असतं म्हणून, तर कधी पार्ट डुप्लिकेट असतो म्हणून. गाडी हातात आल्यावर यातलं नेमकं काय झालंय ते कळत नाही. पैसे वाचतात ते एस्टिमेटची एकेक ओळ वाचता आली की, मग गॅरेज कुठलंही असो.

पुढचं सगळं साध्या पेट्रोल हॅचबॅक किंवा सेडानसाठी, चार-पाच वर्षं चाललेल्या गाडीसाठी आहे.

१. गाडी टाकण्याआधी

ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा, मेंटेनन्सचा तक्ता शोधा आणि आपल्या किलोमीटरच्या रकान्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तक्त्यात इंग्रजी आर म्हणजे बदला आणि आय म्हणजे तपासा. एस्टिमेटमधली बरीच जादू 'आय'चा 'आर' करण्यात असते.

२. जॉब कार्ड

गाडी देताना कामं लिहून तुमची सही घेतात तो कागद म्हणजे जॉब कार्ड. त्यावर तक्रार लिहा, पार्टचं नाव लिहू नका. "शॉकअप गेलाय वाटतं, बघा जरा" असं म्हणालात तर शॉकअप बदलून मिळेल. आवाज मात्र तसाच राहू शकतो. "खराब रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात, पुढून डावीकडून टकटक येते" असं लिहून घ्या. सोबत दोन ओळी घालायला सांगा: विचारल्याशिवाय जादा काम करू नये, आणि काढलेले जुने पार्ट परत द्यावेत. त्यांनी लिहिलं नाही तर स्वतःच्या पेनाने लिहा आणि मग सही करा.

३. एस्टिमेट

हा टप्पा मला सगळ्यात उशिरा जमला आणि खरा खर्च इथेच ठरतो, म्हणून जरा सविस्तर.

दुपारी अकरा-बाराच्या सुमारास फोन येतो किंवा व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. तुम्ही ऑफिसात असता, समोर मीटिंग असते, आणि गॅरेजचा सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, "सर, गाडी लिफ्टवर आहे, लगेच सांगा, नाहीतर आज मिळणार नाही." लगेच सांगू नका. "तासाभरात कळवतो" एवढंच बोला. गाडी तासाभराने पळून जात नाही.

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून? त्याला मान्य होण्यासारखी उत्तरं मोजकी आहेत. एक, मॅन्युअलच्या तक्त्यात या किलोमीटरला बदला असं लिहिलंय. दोन, मोजून आकडा आलाय. तीन, तुम्ही सांगितलेल्या तक्रारीचं कारण तिथे सापडलंय किंवा फाटलेलं, गळणारं असं काही दाखवता येतंय. "या किलोमीटरला सगळेच करतात", "आम्ही रेकमेंड करतो", "नंतर मोठा खर्च निघेल" ही उत्तरं नव्हेत. ती ओळ खोडा. अॅडव्हायझर वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याला टार्गेट असतं आणि ते तुमच्या गाडीवरून पुरं करायचं असतं.

ही चाळणी लावली की नेहमीचे पाहुणे आपोआप गळतात. इंजिन फ्लश, ऑइलमध्ये टाकायचं अॅडिटिव्ह, इंटीरिअर एनरिचमेंट (म्हणजे आतली सफाई-पॉलिश), टेफ्लॉन कोटिंग, उंदीर पळवायचा स्प्रे. मॅन्युअलचा तक्ता पुन्हा बघा, यातलं काहीही तिथे सापडणार नाही. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा पार्ट) यांचं क्लीनिंग हे खरे उपाय आहेत, पण आजार असेल तर. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, आरपीएम वरखाली होत नसेल, गाडी झटके देत नसेल, तर ते करून काय मिळणार? "नाही केलं तर वॉरंटी जाईल" असं कोणी म्हणालंच तर वॉरंटीच्या पुस्तिकेतलं ते पान दाखवायला सांगा. विषय तिथेच संपतो. वॉरंटी चालू असताना तक्त्यातली सर्व्हिस कंपनीतच करा, क्लेमच्या वेळी वाद नको. जोडीला येणाऱ्या या फवाऱ्यांशी मात्र वॉरंटीचा संबंध नाही.

आकड्यांचं बघू. ब्रेक पॅड 'संपत आलेत' हे वाक्य चालणार नाही, मिलिमीटर हवेत. नव्या पॅडचं घासणारं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं. मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली. कोणी ६ मिमीला बदला म्हणत असेल तर पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणा. ब्रेकची डिस्क (पॅड जिला घासतात ती चकती) बदलायची म्हणाले तर तिची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तो आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी ठेवून मागा. टायरला तर मोजपट्टीही लागत नाही. खाचांमध्ये १.६ मिमी उंचीचे आडवे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. शिवाय बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१८२३' म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. नवे टायर घेतानाही हे बघा, दुकानात पडून राहिलेला माल खपवतात. बॅटरीसाठी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, आणि गाडी चालू केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले तर अल्टरनेटरही (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) ठीक. गाडी चालू असताना आकडा तेराच्याही खाली राहिला तर नवी बॅटरी टाकूनही आठवड्यात पुन्हा धक्का मारावा लागेल, कारण दोष चार्जिंगमध्ये आहे.

एसीचा गॅस हा तर माझा खास राग. "गॅस कमी झालाय, भरून घ्या" हे दर उन्हाळ्याला ऐकू येतं. एसीची यंत्रणा बंद असते, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. चार-पाच वर्षांच्या गाडीत तो लक्षात येण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत गेलेला असतो. आधी केबिन फिल्टर काढून बघा. धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळेही हवा कमी येते आणि लोक गॅस भरून घेतात.

सगळ्यात जास्त पैसे मात्र सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेत जातात. आपल्या रस्त्यांवर टकटक कोणाच्या गाडीत नाही? एस्टिमेटमध्ये येतं ते असं: दोन्ही पुढचे शॉकअप, माउंट (शॉकअपच्या वरच्या टोकाचा आधार), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात), लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी), शिवाय अलाइनमेंट. या यादीतला सगळ्यात स्वस्त आयटम म्हणजे लिंक रॉड, आणि छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात येणाऱ्या टकटकीमागे बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट सैल होतो, बस. जागेवर स्टिअरिंग फिरवताना करकर किंवा टणटण येत असेल तर माउंटवर संशय घ्या. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच 'ठक' येत असेल तर लोअर आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर. शॉकअप खरंच गेला असेल तर त्याच्या अंगावर ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबत नाही, डुलत राहते.

म्हणून गाडी लिफ्टवर असताना स्वतः खाली जाऊन उभे राहा. मिस्त्रीला म्हणा, "दादा, टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून दाखवा." लोअर आर्मचं बुश फाटलं असेल तर रबर उघडं पडलेलं दिसतं. लिंक रॉड हाताने हलवला तरी कटकट ऐकू येते. दाखवलं, पटलं, तर बदला. नाही पटलं तर स्वस्तापासून सुरू करा: आधी लिंक रॉड, गाडी आठवडाभर चालवा, मग पुढचं. "सगळं एकदम करून टाका, लेबर वाचेल" हे इथे फक्त अर्धं खरं आहे. शॉकअप काढलाच तर माउंट त्याच लेबरमध्ये बदलून होतो, पण लिंक रॉड बदलायला शॉकअप उतरवावा लागत नाही.

४. पार्ट

एस्टिमेटमधला पार्ट नंबर मागून घ्या. नंबर देत नसतील तर गाडीचा चॅसी नंबर घेऊन दुकानात जा, अचूक पार्ट निघतो. पुण्यात असाल तर नाना पेठ, नाहीतर तुमच्या गावातला कंपनीच्या पार्टचा डीलर, नाहीतर ऑनलाइन. अलीकडे कंपनीचे पार्ट काउंटरवर बऱ्यापैकी मिळतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला तो बाहेरच्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती अडवून ठेवल्याबद्दलच होता. त्यावर पुढे अपिलंही झाली.

कंपनीच्या खोक्यातला पार्ट कार कंपनी स्वतः बनवते असं क्वचितच असतं. बॉश, गॅब्रिएल, व्हॅलिओ यांच्यासारखे उत्पादक कार कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. अशा नावाचा पार्ट, पक्क्या बिलासह, घ्यायला काहीच हरकत नाही. बिनबिलाचा, "सेम क्वालिटी आहे साहेब" वाला नको. ब्रेक, स्टिअरिंग, क्लच, टायमिंग बेल्ट यांत तर अजिबात नको, आणि यातलं जुनं, वापरलेलंही नको. साइड मिरर, टेल लॅम्प, दाराचं हँडल असलं काही फुटलं असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना पार्ट खुशाल लावा.

पार्ट स्वतः आणणार असाल तर गॅरेजला आधी विचारा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बहुधा नाही म्हणतं. बाहेरचा मिस्त्री हो म्हणतो, पण पार्ट खराब निघाला तर दुसऱ्यांदा लेबर कोण देणार, ते आधीच ठरवा.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर घरी बदला. यूट्यूब बघून दहा मिनिटांचं काम.

५. लेबर

लेबर म्हणजे ठरवून दिलेले तास गुणिले ताशी दर. मिस्त्रीने प्रत्यक्षात किती वेळ लावला याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे घासाघीस दरावर करू नका, एकाच कामाचं लेबर दोनदा लागलंय का ते बघा. क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचं वेगवेगळं लेबर लावलं असेल तर तीनदा गिअरबॉक्स उतरवणार आहात का, असं विचारा. ब्रेक पॅड बदलणं आणि 'फ्रंट ब्रेक ओव्हरहॉल' शेजारी-शेजारी दिसले तरी तेच. क्लचसारख्या कामात बेअरिंग सोबतच बदला, तिथे कंजुषी महागात पडते.

व्हील बॅलन्सिंगची शिशाची वजनं ग्रॅमवर लावतात. आधीची जुनी वजनं काढली का ते बघा, नाहीतर त्यांना तोलायला नवी लागतात आणि ग्रॅम वाढत जातात.

६. बिल

पैसे देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी त्याच खराब रस्त्यावर फिरवा. मग बिल.

पार्टच्या खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ११८० रुपये एमआरपीचा पार्ट बिलात १००० अधिक १८० असा दिसायला हवा. ११८० लिहून त्यावर वर १८ टक्के चढवून १३९२ रुपये ४० पैसे केले असतील तर ते चूक आहे. खोकं मागा, एमआरपी दाखवा. लेबरवर जीएसटी वेगळा लागतो, तो बरोबर आहे. इंजिन ऑइल किती लिटर लावलंय ते मॅन्युअलमधल्या क्षमतेशी ताडा, ग्रेडही ताडा. 'कन्झ्युमेबल्स' अशी नुसती एक ओळ असेल तर त्यात काय काय आहे ते विचारा, बऱ्याचदा ती तिथल्या तिथे कमी होते.

जुने पार्ट डिकीत ठेवून घ्या. विम्याच्या क्लेममधलं काम असेल तर ते मिळणार नाहीत, त्यांच्यावर विमा कंपनीचा हक्क असतो. जुनी बॅटरीही सहसा मिळत नाही, कारण ती देऊनच नवीची किंमत कमी करून घेतलेली असते. नव्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड मात्र तारीख आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय निघू नका.

बिलावरून वाद झालाच तर आवाज चढवू नका, वर्क्स मॅनेजरला ई-मेल करा आणि जॉब कार्डचा फोटो जोडा. दोन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. नोंदणी क्रमांक मिळाला की तोच त्या ई-मेलच्या उत्तरात टाका.