दोन-अडीच मिलिमीटरच्या भुंगेऱ्याची नवी प्रजाती कशी नोंदवावी

मढ्यावर आणि कुजक्या पालापाचोळ्यावर जगणारे लायोडिडी कुलातले हे भुंगेरे तिळाएवढे असतात. रंग तपकिरी, अंगावर बारीक लव. दहा वेगवेगळ्या प्रजाती एका बशीत ठेवल्या तरी नवख्याला सगळे एकच वाटतात. त्यामुळे यातली नवी प्रजाती बाहेरून पाहून ठरत नाही, ती नराच्या जननअवयवावरून ठरते. बाकीच्या पायऱ्या सरावाने जमतात. या एका पायरीवर घाई केली, तर पुढचे सगळे लिखाण फुकट जाते.

परवानगी आधी घ्या. अभयारण्यात किंवा राखीव वनात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नमुने गोळा करू नका.

सापळा सोपा आहे. प्लॅस्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा, तळाशी नमुने टिकवणारे प्रोपिलीन ग्लायकॉल घालायचे आणि वर जाळीच्या पुरचुंडीत बांगड्याचे कुजके डोके टांगायचे. पावसासाठी वर ताटली ठेवायची आणि तिच्यावर दगड, नाहीतर मुंगूस सगळे उपसते. चार-पाच दिवसांनी माल गाळून ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि पद्धत त्याच दिवशी पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बाटलीवर बाहेरून पेनाने लिहिलेले अल्कोहोलने पुसले जाते.

आता ओळख. शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, अकरा मण्यांची असते आणि शेवटचे पाच मणी जाड असतात. त्यांतला आठवा मणी सातव्या-नवव्यापेक्षा स्पष्ट लहान असतो, दोन टपोऱ्या मण्यांत एखादी चकती अडकावी तसा. हा मणी दिसला की लायोडिडी कुल जवळपास पक्के. त्यानंतर पंखांवरचे कवच तिरक्या उजेडात पाहा. आडव्या बारीक रेघा आणि पायाच्या नळीच्या टोकाशी सारख्या काट्यांची कंगव्यासारखी रांग दिसली, तर तुम्ही टोमॅफॅजिनी गटात आहात. आशियाच्या उष्ण भागात टोमॅफॅजिनस हा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा संच, या गटात येतो. जुने साहित्य शोधताना 'कॅटोपिडी' हे नावही टाकून बघा. १९३६ साली कीटकशास्त्रज्ञ रने जानेल यांनी या भुंगेऱ्यांवर मोठा फ्रेंच ग्रंथ लिहिला, तेव्हा कॅटोपिडी हे स्वतंत्र कुल मानले जात होते. आज ते लायोडिडीचे उपकुल आहे. नव्या नावाने शोधणाऱ्याला निम्मे वर्णन सापडतच नाही.

यानंतरची पायरी म्हणजे नराचा अवयव काढणे आणि तो नीट पाहणे. मी इथे दोन वर्षे अडखळलो.

नर ओळखायला पुढच्या पावलांचे रुंद झालेले सांधे बघा. हातातला सर्वांत चांगला नर पहिल्यांदा उघडू नका. पायमोडका, पंख फाटका नर घ्या. नमुना वाळलेला असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा. टोक वाकवलेल्या बारीक टाचणीने कवचाखाली शिरून संपूर्ण पोट सुटे करा. मागच्या टोकातून फक्त अवयव ओढून काढण्याचा सल्ला मोठ्या भुंगेऱ्यांसाठी ठीक आहे. इथे ओढलात तर तो मधोमध तुटतो, किंवा चिमट्यातून उडून गालिच्यात जातो आणि पुन्हा मिळत नाही. काम पांढऱ्या ताटातच करा आणि पंखा बंद ठेवा.

पोट दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात साध्या तापमानाला ठेवा आणि दर अर्ध्या तासाला बघा. 'रात्रभर ठेवा' असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. मी ठेवले होते. सकाळी अवयवाच्या आतली पिशवी आणि तिच्यावरचे काटे इतके पारदर्शक झाले होते की रेखाटायला काही उरलेच नाही, आणि त्या प्रजातीचा माझ्याकडे तो एकमेव नर होता. आतले स्नायू विरघळले आणि तपकिरी भिंत नीट दिसू लागली की थांबा. मग पाण्यात धुवा. पाण्यात ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब टाका म्हणजे उरलेला क्षार निष्प्रभ होतो.

यानंतर लोक घाईने काचेवर ठेवून वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, टाकतात. ती टाकू नका. एकदा आंबोलीच्या पाच नरांपैकी एकाच्या अवयवाचे टोक मला स्पष्ट रुंद दिसले. वेगळी प्रजाती समजून मी वर्णनाचा अर्धा मसुदाही लिहिला. नाव ठरवले होते. शेवटी चित्रासाठी बाजूने बघायला कव्हरस्लिप उचलली आणि तो अवयव हळूहळू फुगून इतर चौघांसारखा झाला. काचेच्या दाबाने टोक चपटे पडले होते, एवढेच.

खोलगट काचेत हात स्वच्छ करायची बिनरंगाची, बिनवासाची जेल घ्या. दवाखान्याबाहेर मिळते तीच. तिच्यात अवयव ज्या कोनात ठेवाल त्याच कोनात राहतो. ग्लिसरीनमध्ये मात्र तो कलंडतो, आणि थोडासा कलंडला तरी टोकाचा आकार बदललेला दिसतो. जेल घालण्याआधी अवयव चांगला धुतलेला हवा, कारण क्षार राहिला की जेल पातळ होते. वरून बघताना दोन्ही बाजूंच्या बारीक कांड्या, म्हणजे पॅरामीअर, एकाच फोकसमध्ये येईपर्यंत टाचणीने हलवत राहा. आल्यावरच चित्र काढा. मग नव्वद अंश फिरवून बाजूचे चित्र. ज्या प्रजातीशी तुलना करायची आहे तिचा अवयवही नेमक्या त्याच दोन बाजूंनी बघा. जुन्या लेखातले चित्र तिरके असेल, तर त्या चित्राशी तुलना करू नका. मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथे पत्र लिहून फोटो मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

किमान पाच नर बघितल्याशिवाय वर्णन लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. मादीचीही तपासणी करा. तिची शुक्रग्राहिका, म्हणजे वीर्य साठवणारी वळणदार नळी, अनेकदा तितकीच उपयोगी ठरते. डीएनए बारकोड, म्हणजे ओळखीसाठी वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा, जोडा, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या बहुतेक मूळ नमुन्यांचा बारकोडच उपलब्ध नसतो, तेव्हा तुलना पुन्हा या अवयवाशीच येते.

काम झाल्यावर अवयव त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर, पारदर्शक पट्टीवर चिकटवून ठेवा. वेगळ्या डबीत ठेवलेले अवयव हमखास हरवतात.

लिखाण त्यामानाने सरळ आहे. एकच होलोटाइप, म्हणजे नावाला आधार असलेला मूळ नमुना, नेमा आणि त्याला लाल चिठ्ठी लावा. तो कुठे जमा करणार ते लेखात लिहा, १९९९ नंतरच्या नावांना प्राण्यांची आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता ते बंधनकारक करते. टोमॅफॅजिनस पुल्लिंगी आहे, म्हणून प्रजातीच्या नावात विशेषण असेल तर त्याचे रूपही पुल्लिंगीच हवे. स्वतःचे नाव देऊ नका. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद करा आणि ती नोंद लेखातच छापा, नाहीतर नाव ग्राह्य धरले जात नाही.

भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कलम ३९ लागू होते. नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि तिचा नमुना तिथे जमा करावा लागतो. होलोटाइप घरच्या पेटीत ठेवू नका. पावसाळ्यात बुरशी येते आणि एका हंगामात नमुन्याचे सगळे केस पांढरे होतात.